ऊसतोडकऱ्यांचीं मुलें : कायदा, सरकारी योजना आणि बागाईतदार

दसरा-दिवाळी उलटून थंडीस आरंभ झाला कीं कृष्णा, पंचगंगा, भीमा, नीरा, प्रवरा ह्या नद्यांच्या कांठच्या बागाईत गांवांत गळिताच्या हंगामाची गडबड सुरू होते. कारखान्याच्या शेतकी खात्याकडून तोडीचा कार्यक्रम लागतो, आपल्या फडाची पाळी केव्हां येणार ह्याची जो तो चौकशी करूं लागतो, आणि एके दिवशीं संध्याकाळीं ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत भांडींकुंडीं, बांबू, चटया, शेळ्या, कोंबड्या आणि माणसें घेऊन टोळी शिवारांत येऊन उतरते. कोयते किती आले हें आपण त्याच रात्रीं मुकादमास विचारून घेतों. त्या कोयत्यांबरोबर मुलें किती आलीं, हें प्रस्तुत लेखकानें दोन वर्षांपूर्वींपर्यंत कधींहि विचारलेलें नव्हतें. आणि आपल्या संघाच्या सभासदांपैकीं फार थोड्यांनीं तें विचारलें असेल.

ह्या मासिकांत बेणें, खत, पाणी, हुमणी, लोकरी मावा ह्यांविषयींचे लेख येतात. त्यांत मुलांचा विषय कोठून आला, असें कोणी म्हणेल. परंतु आपला ऊस कारखान्यापर्यंत पोंचतो तो ज्या हातांनीं, त्या हातांबरोबर हीं मुलें आपल्या बांधावर सहा महिने राहतात. त्यांच्या रक्षणासाठीं सरकारनें कायदे केले आहेत, पैसा वेगळा काढला आहे, अधिकारी नेमले आहेत. तरी मूल फडांतच दिसतें. असें कां व्हावें, हें समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हे लोक कोण, हें पाहूं. बीड जिल्ह्यांतील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, केज, वडवणी हे तालुके, अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांतील पाथर्डी व जामखेड, तसेच जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नांदेड व खानदेशचा कांहीं भाग, येथून हे मजूर निघतात. जमीन हलकी, पाऊस अपुरा, खरिपाचें एक पीक हातीं आलें तर आलें. १९७२ च्या दुष्काळानंतर ह्या स्थलांतरास जोर आला. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० सालीं सुरू झाला, त्यानंतर कारखान्यांची संख्या वाढत जाऊन आज राज्यांत दरसाल दोनशेंच्या आसपास कारखाने गाळप करतात. त्या सर्वांस तोडणीस माणूस लागतो. मजुरांची संख्या कोणी आठ लाख सांगतो, कोणी पंधरा लाख. कांहीं मजूर कर्नाटकांत व गुजराथेंतहि जातात. चौदा वर्षांखालील जीं मुलें त्यांच्यासमवेत येतात, त्यांचा अंदाज दोन लाखांपर्यंत केला गेला आहे. नक्की मोजदाद नाहीं हीच ह्या प्रश्नांतील पहिली अडचण होय. ज्यांची मोजदाद नाहीं त्यांची तरतूद कागदावर राहते.

‘कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे, एक जोडी : नवरा व बायको. मुकादम उचल देतो ती जोडीस. नवऱ्यानें ऊस तोडावा, बायकोनें पाचट काढून मोळी बांधावी व डोक्यावर वाहून शिडीनें गाडींत चढवावी, अशी ही कामाची वांटणी आहे. एकानें खाडा केला तर दोघांचा हिशेब बुडतो. उचल फेडण्यास टनावारी मजुरी हाच मार्ग असल्यामुळें, जितके हात अधिक तितका भार लवकर भरतो. म्हणजे मुलास बरोबर आणण्याचीं कारणें दोन झालीं. एक, मागें घरीं सांभाळावयास कोणी नाहीं. दुसरें, बरोबर आणलें तर त्याचा उपयोग होतो. लोक बहुधा दुसरेंच कारण बोलून दाखवितात आणि आईबापांस दोष देतात. माझ्या पाहण्यांत पहिलें कारण अधिक खरें आहे. ज्या घरांत हिंडती-फिरती आजी आहे त्या घरचीं मुलें गांवीं राहतात. आजी थकली कीं त्याच घरचीं मुलें पुढील हंगामीं फडांत दिसतात.

आतां ह्या मुलांचा दिवस कसा जातो तें पाहा. टोळी पहांटे चार-साडेचारला फडांत शिरते. तान्हें मूल बांधावर बाभळीस किंवा उसाच्याच चार कांड्या रोवून बांधलेल्या झोळींत टांगलेलें असतें. आई मोळ्यांच्या दोन खेपांमध्यें येऊन त्यास पाजते. दोन-तीन वर्षांचें मूल पाचटांत खेळतें व तेथेंच निजतें. सात-आठ वर्षांची मुलगी ही त्या दोघांची राखणदार. पाणी आणणें, चूल पेटविणें, भाकरी थापणें हीं कामें ती नववें-दहावें वर्ष लागेपर्यंत शिकलेली असते. दहा-बारा वर्षांचा मुलगा वाढें गोळा करतो, त्याच्या पेंढ्या बांधून विकतो, मोळ्यांस बंध घालतो. आणि तेरावें लागलें कीं हातांत कोयता येतो. उसाच्या पानांच्या धारेनें कापलेले हात-पाय ह्या मुलांच्या अंगावर सर्वत्र दिसतील.

धोक्यांचा पाढा वाचण्याची आवश्यकता नाहीं; ते आपणां सर्वांस ठाऊक आहेत. विनाकठड्याच्या विहिरी आपल्याच आहेत, कालवे आपल्याच शिवारांतून जातात. साप पाचटांत असतो. जुन्नर भागांत बिबट्या उसांतच राहतो व तेथेंच वितो. फड तुटूं लागला कीं तो बाहेर पडतो आणि लहान मूल त्याच्या नजरेस प्रथम पडतें. पाचटांत निजलेलें पोर अंधारांत ट्रॉली मागें घेतांना दिसलें नाहीं, अशा वार्ता हंगामांत वर्तमानपत्रांत येतात, आणि दोन ओळींत संपतात.

ह्याहून कमी दिसणारी एक हानि आहे. सरकारी वेळापत्रकाप्रमाणें बालकास जन्मतः क्षयरोगाची, काविळीची व पोलिओची लस देतात. नंतर सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पुढील मात्रा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोंवर-रुबेलाची. आतां समजा, एखादें मूल आश्विनांत जन्मास आलें आणि दिवाळी होतांच आईबापांनीं गांव सोडला. सहावा, दहावा व चौदावा असे तिन्ही आठवडे फडांत जातात. गांवच्या आशा कार्यकर्तीच्या वहींत त्याचें नांव आहे, पण मूल तेथें नाहीं. मूल ज्या गांवांत आहे तेथील वहींत त्याचें नांव नाहीं. गर्भवतीची गोष्ट तशीच. गहाळपणा कोणी एकानें केला असें दाखवितां यावयाचें नाहीं, तरी मूल लशीवांचून राहतें.

अंगणवाडीचा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत सुरू झाला. सहा वर्षांखालील मुलांस पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, शाळापूर्व शिक्षण, तसेच गर्भवती व स्तनदा मातांस आहार, ह्या सेवा तींतून मिळतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें सहा महिने ते सहा वर्षें वयाच्या मुलास अंगणवाडीमार्फत आहार मिळणें हा हक्कच झाला. हा हक्क मुलाचा आहे, गांवाचा नव्हे. म्हणून बीडच्या मुलास कोल्हापूरच्या अंगणवाडींत आहार मागतां येतो. सध्यां लाभार्थ्यांची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ ह्या मोबाईलवरील यंत्रणेंत होते व स्थलांतर झाल्यास ती नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळविण्याची सोय तींत आहे. पण वस्ती गांवापासून दोन मैल दूर शिवारांत, सेविका एक, आई पहांटेपासून रात्रीपर्यंत फडांत. मग मुलास तेथवर नेणार कोण? येथें योजना अडते ती पैशावांचून नव्हे, अंतरावांचून.

शाळेचा प्रश्न समजण्यास तळाचे दोन प्रकार ध्यानांत घेतले पाहिजेत. कांहीं लोक बैलगाडीवर वाहतूक करतात. त्यांचा तळ कारखान्याजवळ मोठा पडतो, शेंकडो कोप्या एके ठिकाणीं असतात आणि हंगामभर त्या तेथेंच राहतात. दुसरे ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळींतील, ज्यांस डोकी सेंटर म्हणतात. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी आज ह्या गांवीं, पंधरवड्यानें त्या गांवीं, अशी हिंडते. ऊस तुटल्यानंतर चोवीस तासांत गाळला गेला नाहीं तर वजन व उतारा दोन्ही घटतात, हें बागाईतदारास सांगावयास नको. म्हणून गाडी रात्रीं दोनला आली तरी ती भरावी लागते, आणि कार्यक्रम बदलला कीं टोळीचा मुक्काम हलतो. पहिल्या प्रकारच्या तळांत शाळा घालतां येते. दुसऱ्यांत घालतां येत नाहीं. हा भेद लक्षांत न घेतां केलेल्या योजना फसल्या आहेत.

मुलांच्या मजुरीविषयींचा कायदा आपल्या देशांत कसा वाढला हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण शेत त्यांतून फार काळ वगळलें गेलें होतें. पहिला फॅक्टरी ॲक्ट १८८१ चा. सात वर्षांखालील मुलास गिरणींत ठेवूं नये व सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, एवढाच त्याचा दंडक. १८९१ सालीं ही मर्यादा नऊ वर्षांवर व १९२२ सालीं बारांवर गेली. ह्या सर्व खटाटोपांत लक्ष होतें तें धुराड्याकडे. गुरें राखणाऱ्या व पाखरें हाकणाऱ्या मुलाकडे नव्हतें. जोतीराव फुले यांनीं मात्र १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें निवेदन करून रयतेच्या मुलांस निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं आणलेलें सक्तीच्या शिक्षणाचें बिल नामंजूर झालें. पण कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत तें सक्तीचें व मोफत केलें, आणि मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. आज त्याच कोल्हापुरच्या शिवारांत परजिल्ह्यांतील मुलें शाळेवांचून सहा महिने काढतात, ह्याची आम्हां बागाईतदारांस लाज वाटावयास हवी.

मुलाची मजुरी गहाण टाकून पैसा उचलण्याची चाल जुनी आहे. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशनला ती आढळली, आणि १९३३ सालीं असा करार रद्दबातल ठरविणारा कायदा झाला. वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आज अंमलांत आहे. उचलीपोटीं माणसास बांधून ठेवणें त्यानें गुन्हा ठरतो. बालमजुरीविषयीं १९८६ चा कायदा व त्यांतील २०१६ ची दुरुस्ती हीं मुख्य होत. ह्या दुरुस्तीपूर्वीं कांहीं ठराविक धंद्यांतच मुलास मनाई होती, शेतीचें काम बहुतेक मोकळें होतें. आतां चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याहि धंद्यांत कामास लावतां येत नाहीं. कुटुंबास हातभार लावण्याची सवलत ठेविली आहे, पण ती शाळेची वेळ सोडून किंवा सुटींत, आणि तीहि धोक्याच्या कामास नाहीं. माघ महिन्यांत सोमवारीं दुपारीं बारा वाजतां मोळी बांधणारें मूल ह्या सवलतींत बसत नाहीं हें उघड आहे. कामास लावणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षें कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. आईबापांस पहिल्या खेपेस शिक्षा नाहीं; हा विवेक कायद्यानें राखला हें योग्य केलें. येथें अडचण अशी कीं फडांत ‘कामास लावणारा’ कोण, हेंच ठरत नाहीं. कारखाना म्हणतो, करार वाहतूकदाराशीं. वाहतूकदार म्हणतो, मुकादमाशीं. मुकादम म्हणतो, मीं उचल जोडीस दिली, पोरास नव्हे. आणि बागाईतदार म्हणतो, मी तर टोळी बोलाविलीच नाहीं.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं मंजूर होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्यांतील चार-पांच कलमें प्रत्येक बागाईतदारानें माहीत करून घ्यावींत, म्हणून तीं येथें सोप्या भाषेंत देतों. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयास साजेल त्या वर्गांत घेतलें पाहिजे (कलम ४). मुलास कांहीं कारणानें दुसऱ्या शाळेंत जावें लागलें तर तसा त्याचा हक्क आहे, दाखला आला नाहीं म्हणून प्रवेश लांबवितां किंवा नाकारतां येत नाहीं (कलम ५). स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळतो कीं नाहीं हें पाहणें स्थानिक संस्थेचें कर्तव्य आहे (कलम ९). जन्माचा दाखला नाहीं म्हणून किंवा वर्षाचा मध्य उलटला म्हणून नकार देतां येत नाहीं (कलमें १४ व १५).

हीं कलमें मला ठाऊक नव्हतीं, आणि त्याचा परिणाम काय झाला तें सांगतों. दोन वर्षांपूर्वीं माघांत माझा खोडवा तुटत होता. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, कडेवर भाऊ घेऊन, विहिरीवर घागर भरावयास आली. “पोरी, कितवीला आहेस?” म्हणून मीं विचारलें. “चौथीला हाय मालक.” “मग शाळा?” “शाळा गावाकडं हाय.” ती खोटें बोलत नव्हती. तिचें नांव बीडकडील शाळेच्या पटावर होतें, तेथें ती दाखल होती आणि येथें घागर भरत होती. दुसऱ्या दिवशीं मी तिला व तिच्याबरोबरच्या दोन मुलांस घेऊन जवळच्या शाळेंत गेलों. ‘दाखला आणा, मग बघूं’ असें उत्तर मिळालें. तें उत्तर कायद्यास धरून नव्हतें. पण मला तें बरोबरच वाटलें आणि मी परत आलों. आठ दिवसांत टोळी हलली. त्या गुरुजींसहि मी फार दोष देत नाहीं. माघांत आलेलें मूल चैत्रांत जाणार, त्यास मागील काय येतें हें कळण्यास पंधरा दिवस लागणार, आणि मुक्काम बदलला तर पट पुन्हां रिकामा.

ह्यावर सरकारनें व संस्थांनीं तीन उपाय केले. पहिला साखरशाळांचा. १९९० नंतरच्या दशकांत कारखान्यांच्या तळांवर हंगामापुरत्या शाळा निघाल्या. जनार्थ ह्या संस्थेनें त्या कामीं पुढाकार घेतला. मोठ्या तळावर त्यांचा उपयोग चांगला झाला. शाळा कोप्यांच्या मधोमध असल्यानें मूल धाकट्या भावंडास घेऊनहि येऊन बसे, ही तिची खरी सोय होती. शिक्षणहक्काचा कायदा आल्यावर मुलानें नेहमींच्या शाळेंतच गेलें पाहिजे हें तत्त्व ठरलें आणि पुष्कळ साखरशाळा बंद पडल्या. तत्त्व उत्तम, परंतु तळापासून शाळेपर्यंतचें अंतर, मधला रहदारीचा रस्ता आणि कडेवरचें भावंड ह्यांचा विचार त्या तत्त्वांत नव्हता. माझ्या मतें ही घाई झाली.

दुसरा उपाय शिक्षण हमी पत्रकाचा. गांव सोडतांना मुलाच्या शाळेनें त्यास एक पत्रक द्यावें, त्यांत इयत्ता व प्रगति लिहावी. तें दाखविलें कीं नव्या गांवच्या शाळेनें त्यास बसवून घ्यावें, आणि परततांना तेथील प्रगति भरून द्यावी. दाखल्याचा घोळ ह्यानें मिटतो, पटावरील नांवहि जात नाहीं. ही युक्ति हिंडत्या टोळीस विशेष उपयोगी आहे. पण उचल घेऊन रातोरात निघालेल्या कुटुंबास शाळेंत जाऊन पत्रक घेण्याचें भान राहत नाहीं, व ज्या शाळेचे निम्मे विद्यार्थी एकाच आठवड्यांत जावयाचे तेथें गुरुजींनीं आधींच घरोघर जाऊन तीं वांटलीं तरच काम होतें.

तिसरा उपाय मुलास गांवींच ठेवण्याचा, आणि मला तो सर्वांत भरवंशाचा वाटतो. हंगामी वसतिगृह म्हणून जी योजना बीडकडे चालते तींत पुष्कळ ठिकाणीं वसतिगृहाची इमारत नसते. मूल आजीकडे किंवा चुलत्याकडे निजतें, आणि सकाळ-संध्याकाळचें जेवण शाळेंत मिळतें. दुपारचें जेवण शालेय पोषण आहारांतून होतेंच. आजीस नातवंडाच्या अंथरुणाची अडचण नसते, पिठाची असते. तें ओझें उतरलें कीं ती मुलास ठेवून घेते. ही साधी गोष्ट ज्यानें कोणी प्रथम ओळखली त्याची तारीफ केली पाहिजे. उणीव एवढीच कीं हजेरीपटावरील ताटें आणि प्रत्यक्ष वाढलेलीं ताटें ह्यांचा मेळ गांवकऱ्यांनीं स्वतः पाहिला पाहिजे, आणि अनुदान हंगाम संपल्यावर येऊन उपयोगाचें नाहीं.

कायम वसतिगृहांची योजना २०२१ सालची. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठीं कारखान्यांनीं गाळलेल्या उसावर दर टनास दहा रुपये द्यावयाचे व तितकीच भर सरकारनें घालावयाची, असें ठरलें. एकरीं चाळीस टन उतारा धरला तर एका एकरामागें कारखान्याचे चारशें रुपये झाले. पांच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे पन्नास लाख. त्याच सालीं संत भगवानबाबा ह्यांच्या नांवें ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें मंजूर झालीं : दर तालुक्यास एक मुलांचें व एक मुलींचें, प्रत्येकीं शंभर जागांचें. सर्व चालूं झालीं व भरलीं असें धरलें तरी जागा होतात ८,२००. वर दिलेला दोन लाखांचा अंदाज निम्म्यानें चुकीचा मानला, तरी हिशेब कोठें बसतो तें वाचकांनींच पाहावें. मुलींच्या वसतिगृहांस मात्र मी प्रथम स्थान देईन. त्याचें कारण पुढें येतें.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली कीं आईबापांपुढें पेंच पडतो. फडांत न्यावी तर उघड्यावरील कोपी, दाराऐवजीं ताडपत्री, रात्रीं-अपरात्रीं गाडी भरावयास जातांना ती एकटी. गांवीं ठेवावी तर राखणार कोण? ह्यांतून सुटका म्हणून लग्न उरकतात. त्यांत आणखी एक ओढ आहे : लग्न झालें कीं नवीन कोयता तयार होतो व त्यावर उचल मिळते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं अठराव्या वर्षाआधीं लग्न झालेल्यांचें प्रमाण सर्व महाराष्ट्रांत शेंकडा सुमारें २२ होतें. बीड जिल्ह्यांत तें ४४ च्या जवळ भरलें. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीची मर्यादा चौदा ठेविली होती, १९७८ सालीं ती अठरा झाली, आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सध्यां अंमलांत आहे. गांवचा ग्रामसेवक, ज्यास आतां ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हाच तेथील प्रतिबंधक अधिकारी असतो. त्यास मांडवांत जाऊन लग्न थांबवितां येतें, पण तिला दुसऱ्या दिवशीं कोठें ठेवावयाचें ह्याचें उत्तर त्याच्यापाशीं नसतें. तें उत्तर वसतिगृहांत आहे. मुलगी दहावीपर्यंत शाळेंत टिकली कीं लग्नाची बोलणी आपोआप दोन-चार वर्षें मागें जाते.

मूल सांपडलें, हरवलें, मार खात असलें किंवा कामास जुंपलें गेलें असलें तर १०९८ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा. ही सेवा १९९६ सालीं मुंबईंत सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते व ११२ शीं जोडलेली आहे. पैसे पडत नाहींत. अशा मुलास बाल कल्याण समितीपुढें नेतात. २०१५ च्या कायद्याप्रमाणें ती प्रत्येक जिल्ह्यास आहे. मुंबई इलाख्यांत मुलांविषयींचा पहिला कायदा १९२४ चा, म्हणजे ही कल्पना आपणांस नवीन नाहीं.

बागाईतदाराच्याहि तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. तोड येण्यास उशीर होतो, एकरामागें खुशाली मागतात, गाडीवानास वेगळे पैसे द्यावे लागतात, ऊस पेटवून दिला तर दरांत कपात सोसावी लागते. मुकादम उचल घेऊन फरारी झाल्यानें वाहतूकदार बुडाल्याचीं उदाहरणें तर गांवोगांव आहेत. पण ह्यांपैकीं एकहि तक्रार आठ वर्षांच्या मुलाविरुद्ध नाहीं. तोडणी यंत्रें आल्यावर हा प्रश्न राहणार नाहीं, असेंहि कोणी म्हणतात. यंत्रास साडेचार-पांच फुटांची सरी, लांब तास आणि कोरडी जमीन लागते. दहा-वीस गुंठ्यांच्या आपल्या तुकड्यांत कोयता अजून बरींच वर्षें चालणार आहे.

आपणांस करतां येण्याजोगें पुष्कळ आहे, आणि त्यास फारसा खर्च नाहीं. विहिरीस कठडा किंवा निदान तोडीच्या दिवसांत कांटेरी कुंपण. कोप्यांसाठीं जागा देतांना ती रस्त्याच्या, कालव्याच्या व उभ्या उसाच्या कडेची न देतां वस्तीजवळची द्यावी, एक दिवा व प्यावयाचें पाणी द्यावें. रात्रीं गाडी भरावयाची असेल तर मुलें आपल्या पडवींत निजवावीं. टोळी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलांचीं नांवें, वयें व इयत्ता एका कागदावर उतरवून त्याच्या प्रती शाळेस, अंगणवाडीस व आशा कार्यकर्तीस द्याव्या. ह्या शेवटच्या कामास अर्धा तास लागतो, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें तेंच आहे; कारण त्यानंतर ‘आम्हांस माहीत नव्हतें’ असें कोणास म्हणतां येत नाहीं.

गेल्या हंगामांत आमच्या वस्तीवर बारा कोयत्यांची टोळी आली. मीं मोजलीं तेव्हां मुलें सोळा भरलीं : सात सहा वर्षांखालील, नऊ शाळेच्या वयाचीं. नऊपैकीं चौघांजवळ हमी पत्रक होतें. उरलेल्या पांचांसाठीं कलम ५ कागदावर लिहून नेलें. नव्या गुरुजींनीं तें न वाचतांच मुलें बसवून घेतलीं. शाळा कालव्यापलीकडे असल्यानें सकाळीं दुधाच्या गाडीबरोबर तीं जात व दुपारीं आमचा गडी त्यांस घेऊन येई. सहा मुलें नियमानें गेलीं. तीन मुली आठवड्यांतून दोन-तीन दिवसच जात, कारण धाकटीं भावंडें. पुढें अंगणवाडी सेविकेनें त्या लहानांस सकाळीं अकरापर्यंत बसवून घेण्याचें कबूल केलें, तेव्हां त्यांतील दोघी नियमानें जाऊं लागल्या. टोळी आमच्याकडे सात आठवडे होती. ती पुढील गांवीं गेली तेव्हां तेथील सोसायटीच्या चेअरमनांस मीं सोळा नांवांची यादी पाठविली. चौथींतल्या त्या मुलीची चौकशी मीं मुकादमाजवळ केली होती. तो म्हणाला, ती जोडी आतां दुसऱ्या मुकादमाकडे आहे, कर्नाटकांत गेली असावी.